'एमाकी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : 'हेइजी मोनोगातारी एमाकी' या तेराव्या शतकातल्या जपानी युद्धचित्रावर लेख लिहिते आहे. 'एमाकी'साठी 'चित्रगुंडाळी' लिहिलं, पण कानाला खटकतं. दुसरा शब्द आहे का? आणि 'हेइजी' हे लढणाऱ्या कुळाचंच नाव ना?

उत्तर : नाही, तिथे बऱ्याच जणांची गल्लत होते. 'हेइजी' हे ११५९-६० मधल्या कालखंडाचं नाव. कुळाचं नाव तैरा, त्यांनाच 'हेइके' म्हणतात. हेइजी आणि हेइके यांचं पहिलं अक्षर एकच. समोरचे मिनामोतो, म्हणजेच गेन्जी.

आता 'एमाकी'. 'ए' म्हणजे चित्र, 'माकी' म्हणजे गुंडाळी. म्हणजे तुमचा शब्द अर्थाला चोख आहे.

दुसरे उत्तर : 'चित्रकथी' का नको?

तिसरे उत्तर : पिंगुळीची चित्रकथी सुट्या कागदांची असते. कथेकरी एकेक चित्र उचलून समोरच्यांना दाखवतो. एमाकी एकसंध असते आणि पाहणारा ती स्वतःच्या हातांनी पुढे सरकवतो. 'भेंडोळे' म्हटलं की दप्तरातले अस्ताव्यस्त कागद आठवतात. 'चित्रपट' हा शब्द सर्वांत जवळचा होता, पण तो सिनेमाने कायमचा घेतला.

बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातली सान्जो राजवाड्यावरच्या रात्रीच्या हल्ल्याची गुंडाळी घ्या. उंची जेमतेम हातभर, लांबी सुमारे ७ मीटर. उजवीकडून सुरुवात होते ती बैलगाड्यांच्या धांदलीने. थोडं डावीकडे सरकलं की आगीचे लोळ. आगीतून वाचायला विहिरीत उड्या घेतलेल्या दरबारी स्त्रिया एकमेकींवर पडलेल्या दिसतात. ते पाहून माझा हात थांबला होता, आणि तो मी छापील प्रतीवर फिरवत होतो! त्यापुढे माजी सम्राट गो-शिराकावाला पळवून नेणारी गाडी, भोवती सैनिकांचा गराडा, आणि अगदी शेवटी गर्दीच्या पुढे निघालेला एक घोडेस्वार व त्याच्याही पुढे पायी चालणारा एकटा धनुर्धारी. पुढे काय येणार हे गुंडाळीतच दडलेलं असतं.

म्हणून नामापेक्षा मला क्रियापद महत्त्वाचं वाटतं. लेखात 'गुंडाळी उघडली' असं लिहू नका. पत्र उघडतं, दार उघडतं. घडी उलगडते, कोडं उलगडतं, गोष्टही उलगडते.

प्रश्नकर्ती : पटलं. 'चित्रगुंडाळी' तशीच ठेवते. पहिलं वाक्य बदललं : "ही चित्रगुंडाळी उजवीकडून डावीकडे उलगडत जाते."