शेवटची गाडी आणि जपानी भूत : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, परवा रात्री ‘ओतोशिमोनो’ हा जपानी भुताचा सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला. २००६ सालचा, ताकेशी फुरुसावाचा. नावाचा अर्थ हरवलेली, कुठेतरी पडलेली वस्तू. स्टेशनवर पडलेला कुणाचा तरी पास उचलला की माणूस गायब होतो. नाना नावाच्या शाळकरी मुलीची धाकटी बहीण अशीच जाते आणि ही तिच्या शोधात निघते. साचा पाठ आहे. तोंडावर केस आलेली बाई, हातोहात फिरणारा शाप, मुळाशी कुणाचं तरी न निवलेलं दुःख. ‘रिंगू’त (१९९८) कॅसेट होती, ‘चाकुशिन आरी’त मोबाईल, इथे रेल्वेचा पास. पुढचं प्रत्येक वळण आधी कळत होतं. तरीही मधे पाणी प्यायला उठले, तेव्हा दारातूनच हात लांब करून स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि मग आत गेले. तुमचं असं कधी झालंय? सविस्तर लिहा.

*

ताई, मी डोंबिवलीची. कामावरून सुटायला रात्रीचे अकरा-साडेअकरा होतात. मुलुंड-ठाण्याला लेडीज डबा बराच रिकामा होतो. हा सिनेमा पाहिला त्याच आठवड्यात समोरच्या सीटवर एक कापडी पिशवी राहिलेली दिसली. आत डबा असावा, कारण कडेला तेलाचा डाग होता. मी हात पुढे केला आणि मागे घेतला.

लहानपणी गावाला तिठ्यावर उतारा दिसला की आजी आमची मनगटं घट्ट धरून कडेने न्यायची. “वाटेत पडलेलं उचलायचं नाही.” लिंबू असो, नाणं असो. त्यामुळे या सिनेमातली भीती मला सबटायटलशिवाय कळली. शिवाय हा सिनेमा २००६ चा. त्याच वर्षी ११ जुलैला आमच्या पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही घोषणा त्यानंतर कानात जी बसली ती बसलीच. पिशवी तशीच राहिली. कल्याणच्या पुढे कुणाच्या हाती लागली असेल, हा विचार रात्रभर जाईना.

*

मला नाही आवडला. भूत फार लवकर आणि फार वेळा दिसतं. कियोशी कुरोसावाचा ‘काईरो’ (२००१) पाहा. त्यात एक बाई खोलीतून नुसती चालत येते, मधेच तिचा तोल जातो, एवढंच. मी एकटा पाहत होतो, लॅपटॉप मिटून टाकला.

*

मी तोक्योत निशिकासाईला राहतो. इथे मराठी घरं बरीच आहेत. ओतेमाचीहून तोझाई लाइनने परततो. मिनामी-सुनामाची सोडलं की गाडी वर येते आणि आराकावा नदीवरून जाते, पण तोवर सगळा बोगदा. बोगद्यात खिडकीचा आरसा होतो. आपण समोर बघत असतो आणि दिसतं मागचं. हे सिनेमे पाहिल्यापासून मी मान खाली घालून बसतो.

खरं सांगू? भुतापेक्षा फलकावरचे दोन शब्द जास्त लागतात : ‘जिनशिन जिको’. रुळांवर माणूस सापडला. गाडी उशिरा येणार, एवढंच कळतं. तो कोण, का, हे कुणी बोलत नाही. सगळे घड्याळ बघतात, मीही बघतो. जपानी सिनेमातलं भूत मला अशाच, कुणी मागे वळून न पाहिलेल्या माणसाचं वाटतं.

*

वरच्या दादांचं अगदी पटलं. मी जपानी शिकते. अशा सूडाच्या भुताला ‘ओनर्यो’ म्हणतात. त्यातली सर्वांत प्रसिद्ध ओइवा, १८२५ च्या काबुकी नाटकातली. नवऱ्याने दगा दिलेला, विषाने चेहरा विद्रूप झालेला. ती आरशासमोर केस विंचरते आणि कंगव्याबरोबर केसांचे पुंजके निघतात. तोंडावर केस आलेल्या सगळ्या बायका मला तिच्या लेकी वाटतात. म्हणून ‘साचा’ हा शब्द मला दोष वाटत नाही. आमच्याकडे कोकणात दशावताराला बसलेल्या प्रत्येकाला गोष्ट ठाऊक असते, तरी संकासुर आला की पोरं आईच्या पदरात शिरतातच.

*

किसारागी स्टेशनची गोष्ट वाचलीय का कुणी? २००४ च्या जानेवारीत एका जपानी संकेतस्थळावर एक बाई रात्री लिहीत होती : रोजचीच गाडी, पण थांबतच नाहीये. मग ती नकाशात नसलेल्या स्टेशनवर उतरते. लोक तिला सल्ले देत राहतात आणि एका क्षणी तिचं लिहिणं थांबतं. दंतकथाच आहे, पण मी ती रात्री दोनला वाचली. त्या शेवटच्या ओळीखालची मोकळी जागा अजून डोळ्यांसमोर आहे.

*

निशिकासाईवाला पुन्हा. डोंबिवलीच्या ताईंच्या पिशवीवरून आठवलं. माझी छत्री एकदा गाडीत राहिली. बाबांनी पुण्याहून निघताना दिलेली, लाकडी मुठीची. मेट्रोच्या हरवलेल्या वस्तूंचं केंद्र ईदाबाशी स्टेशनात आहे, तिथे गेलो. काउंटरवरच्या बाईंनी रंग विचारला, मूठ विचारली, आत गेल्या आणि दोन्ही हातांवर आडवी धरून घेऊन आल्या. मुठीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, त्यावर तारीख आणि स्टेशन. कुणीतरी ती उचलली होती, म्हणूनच मिळाली. बाहेर पाऊस नव्हता. घरी येईपर्यंत ती मांडीवर घेऊन बसलो, चिठ्ठी सोडली नाही.