अनुभव धागा: दोस्ताबरोबर चालवलेली प्राण्यांची टवाळ साइट

टिटवी
काल जुनी हार्ड डिस्क साफ करताना 'वॉम्बट' (ऑस्ट्रेलियातला एक गुबगुबीत प्राणी) नावाची फाइल सापडली आणि पुढचा तासभर साफसफाई राहिली बाजूला. मी आणि मैत्रीण मिळून प्राण्यांची एक टवाळ साइट चालवायचो. ती चित्रं काढायची, मी लिहायचे. पहिलंच पान, 'वॉम्बट आणि मंडळी, चौकोनी विटांचे एकमेव उत्पादक, आमची कोठेही शाखा नाही'. खाली बारीक अक्षरात खरी माहिती, की वॉम्बटची लेंडी खरोखर घनाकृती असते. एका वाचकाने झापलं, "विनोद करा, थापा मारू नका!" आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही म्हणून लेंडीला कोपरे येतात, हे शोधणाऱ्यांना २०१९ मध्ये इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. तोवर साइट कधीच बंद पडली होती. तरी मैत्रिणीला मेसेज टाकलाच, "आपण जिंकलो."
तुमचे असले उद्योग सांगा.

अर्धवट
आमचं उलटं. आम्ही ठोकून दिलं की शहामृग वाळूत डोकं खुपसून मोबाइलची रेंज शोधतं. लोक रेंजवर हसले, डोकं खुपसण्यावर कुणाचाच आक्षेप नाही! ते मुळात खुपसतच नाही हो.

दुपारची झोप
'स्लॉथचा सल्ला' हे आमचं सदर, स्लॉथ म्हणजे तो झाडाला लटकणारा महासंथ प्राणी. उत्तर तीन आठवड्यांनी. लोकांना वाटायचं काय भारी कल्पना आहे. कल्पना कसली, मित्र आळशी होता. अजून एक किस्सा आहे त्या घुबडाचा, पण बाळ उठलं. नंतर.

टिटवी
@झोप, स्लॉथ झाडावरून साधारण आठवड्यातून एकदा उतरतो, तेही शी करायला. तुझ्या मित्रापेक्षा तोच चपळ म्हणायचा.

कासवछाप
मी आणि माझा मित्र प्लॅटिपसवरून भांडलो. बदकासारखी चोच, नराच्या मागच्या पायाला विषारी काटा, मादी अंडी घालते आणि वर पिल्लांना दूधही पाजते. तो म्हणाला, यात विनोद कुठाय, नुसती माहिती आहे. मी म्हटलं, अरे १७९९ मध्ये जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञालाही नमुना बघून कुणीतरी बनवतंय अशी शंका आली होती, अजून काय पाहिजे? पासवर्ड त्याच्याकडे. त्याने पान उडवलं, मी फोन उचलणं सोडलं. सहा महिने. मग एका ओळीचा ईमेल आला, "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, तू एक तरी वापर."

अर्धवट
आणि पान? परत टाकलं का त्याने?

कासवछाप
टाकलं. चोचीचं स्पेलिंग चुकवून.

फोनवरून
विषयांतर करतेय, माफी. टिटवी, फाइल उघडली कशी? आमची सगळी जुन्या फाँटमध्ये आहे, युनिकोडच्या आधीची. नुसती खडी सांडल्यासारखी दिसते.

टिटवी
तो फाँट टाकावा लागतो आधी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आणि मैत्रिणीचं उत्तर आत्ताच आलं: "कुठल्या वीटभट्टीचं बोलतेयस?"