पोस्टेज २४० घेतलं, स्टिकरवर १७७ दिसले, आता गिऱ्हाईक फरक मागतंय

जुनेअंक_डोंबिवली
नमस्कार मंडळी, मी चुकले का ते सांगा जरा. आजोबांचा दिवाळी अंकांचा साठा आहे, दोन कपाटं भरून, घर रिकामं करायचंय म्हणून फेसबुकवर फोटो टाकून विकतेय. नागपूरच्या एका काकांनी सहा अंक घेतले ९०० ला, वर पोस्टेज २४० सांगितलं, ते हो म्हणाले आणि लगेच जीपे पण केलं. स्पीड पोस्टने पाठवलं, पावणेदोन किलो भरलं, पावती झाली १७७ ची. पार्सल मिळाल्यावर मेसेज, अंक छान आहेत पण स्टिकरवर १७७ आहे तर वरचे ६३ परत करा. त्याखाली अजून एक, ज्ञान पोस्टने (पोस्टाची पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा) निम्म्याहून कमीत गेलं असतं, तो फरकपण बघा, नाहीतर अंक परत पाठवतो आणि जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. अहो खोका २५ चा, बबल रॅप, टेप, पाऊस म्हणून आतून प्लास्टिक, वर पोस्टापर्यंत रिक्षा. माझेच पदरचे गेले असतील. ६३ रुपयांचं काही नाही हो, पण चोर ठरवल्यासारखं वाटतंय.

पार्सलवाला७७
एकदा रक्कम ऐकून हो म्हणल्यावर मागून स्टिकर बघून हिशोब मागायचा नसतो. देऊ नका. आज ६३ दिले की उद्या कोपरा दुमडलाय म्हणून २०० मागतील, मी अनुभवाने सांगतोय.

अंकवेडा
ज्ञान पोस्टचं आधी क्लिअर करतो कारण तिथं काकांचंच चुकतंय. जुनी रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मधे बंद झाली, मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आली, ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून पाच किलोला १०० पर्यंत, टॅक्स वेगळा. स्वस्त आहे हे खरंच आहे. पण ती पुस्तकांसाठी, नियतकालिकं चालत नाहीत आणि किरकोळ सोडून जाहिराती असलेलं काही चालत नाही. आता दिवाळी अंक म्हणजे काय, निम्मा अंक सोनार, बँका आणि मसालेवाले! १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकाच्या दिवाळी अंकापासून आपण त्याला साहित्य म्हणतोय, पण पोस्टाच्या नियमात ते नियतकालिकच. मी स्वतः काउंटरवर नेले होते, बाईंनी पहिलं पान उलटलं, पैठणीची जाहिरात दिसली, सगळा गठ्ठा परत माझ्या हातात. तर काकांना एवढंच कळवा की अंक त्यात बसत नाहीत. कादंबऱ्या वगैरे विकाल तेव्हा मात्र नक्की वापरा, फक्त वेळ लागतो, जमिनीच्या मार्गाने जातं.

कोथरूडचा_खरेदीदार
मी विकत घेणाऱ्यांपैकी आहे म्हणून दुसरी बाजू. ताई तुम्ही 'पोस्टेज २४०' लिहिलंत ना? मग माणूस पोस्टेज म्हणजे पोस्टाने घेतलेले पैसे असंच समजणार, खोका आणि रिक्षा त्याला दिसतच नाही, दिसतो तो स्टिकर. 'पोस्ट आणि पॅकिंग मिळून २४०' लिहिलं असतं तर हा मेसेज आलाच नसता असं माझं मत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ऑनलाइन विकणाऱ्यांनी डिलिव्हरी, पोस्टेज, हाताळणी असे चार्जेस फोड करून दाखवायचे असं आहे. तुम्ही घरातलं सामान काढताय, नियमित धंदा नाही, त्यामुळे तुम्हाला ते बहुतेक लागू नाही, पण पद्धत चांगली आहे.
परत पाठवायच्या धमकीला घाबरू नका. अंक फाटका निघाला किंवा भलताच गेला तर दोन्हीकडचा खर्च तुमचा, ते मान्य. इथं तर ते स्वतःच छान आहेत म्हणतायत, मग परत पाठवायचेच असतील तर त्यांच्या खर्चाने.

पार्सलवाला७७
बरं, पोस्टेज शब्दाचं पटलं. एका केसमधे मीपण परत करतो, कोणी दोन दिवसांत दोनदा ऑर्डर देऊन दोनदा पोस्टेज भरतं आणि माल एकाच खोक्यात जातो, तेव्हा वाचलेले पैसे त्याने मागायच्या आधी पाठवायचे. आणि ताई, द्यायचेच ठरवलं तर ज्या नंबरवरून आले त्याच नंबरवर द्या, ते क्यूआर पाठवतील तो स्कॅन करत बसू नका.

जुनेअंक_डोंबिवली
सगळ्यांना थँक्यू. काकांना पोस्टाची पावती, खोक्याचं बिल असे फोटो टाकले, आणि लिहिलं की पॅकिंग धरून २४० होते, ते आधी सांगायला हवं होतं ही माझी चूक, रिक्षाचे मी धरत नाही, १५ रुपये उरतात ते पाठवलेत. ज्ञान पोस्टचंही सांगितलं. दोन तास ब्लू टिक नुसती, मग अंगठा आला. १५ परत नाही केले हं त्यांनी :)

अंकवेडा
अंगठा म्हणजे मिटलं. ताई सत्तरच्या दशकातले काही उरलेत का, यादी टाका. पॅकिंगसकट सांगा किती ते.