काकांच्या मुंबईच्या खात्यातले पैसे नेमके कुठल्या सरकारकडं गेले?

खानापूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आमचे थोरले काका मुंबईला गिरणीत होते, संपानंतर पण तिकडंच मिळेल ते काम करून राहिले, लग्न केलं नाही. शेवटी आजारी पडून गावाकडं आले आणि २००९ ला खानापुरातच वारले. आता घराची कौलं उतरवताना माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचं पासबुक सापडलं, परळकडच्या एका शाखेचं, शिल्लक सव्वातीन लाख आणि १९९८ नंतर एंट्रीच नाही. मुंबईतल्या एका ओळखीच्याला शाखेत पाठवलं तर काउंटरवरचा म्हणाला पैसे सरकारजमा झालेत, कुठल्या सरकारकडं विचारलं तर गप्प. इथं एक जण सांगतोय खातं महाराष्ट्रातलं म्हणजे पैसे महाराष्ट्राचे आणि बेळगावच्या कोर्टाचा कागद तिकडं चालायचा नाही, पंचायतीतला एक मेंबर म्हणतोय माणूस कर्नाटकात वारला म्हणजे कर्नाटकाचे. दोन्ही सरकारं आमच्यावरनं भांडतात ते लहानपणापासनं बघतोय, आता काकांच्या पासबुकावरनं पण भांडणार काय? नॉमिनी नाही. वडील २०१४ ला गेले, वारस म्हणून मी आणि धाकटा भाऊच. काय करावं?

निपाणी_रिटायर्ड
दोघांकडं पण गेले नाहीत ओ. दहा वर्षं खात्यात काही हालचाल नसली की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती फंडात भरते, २०१४ पासनं ही स्कीम आहे. बँकिंग हा केंद्राचा विषय, त्यात राज्याचा काही संबंधच येत नाही. आणि पैसे तिकडं गेले म्हणून तुमचा हक्क गेला असं अजिबात नाही, मुदत पण नाही. रिझर्व्ह बँकेकडं जायचं नाही, अर्ज आपल्या बँकेलाच द्यायचा, ती तुम्हाला पैसे देते आणि मग फंडातनं स्वतः वसूल करते. सेव्हिंग असेल तर व्याज पण मिळतं, दर मात्र रिझर्व्ह बँक ठरवेल तो. आधी उद्गम पोर्टलवर, म्हणजे असल्या पडून राहिलेल्या ठेवी शोधायच्या रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर, काकांचं नाव टाकून बघा, २०२३ ला सुरू झालंय, फक्त सगळ्या बँका त्यात नाहीत म्हणून सापडलं नाही तर हातपाय गाळू नका. नावाची स्पेलिंगं चारपाच प्रकारे टाका, आमच्या काळात फॉर्म भरणारा कारकून जे ऐकू येईल ते लिहायचा.

बेळगावचा कागद चालत नाही म्हणणाऱ्याला माझा नमस्कार सांगा. माणूस मरताना जिथं राहत होता तिथल्या कोर्टातनं सक्सेशन सर्टिफिकेट म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यायचं, आणि ते भारतभर चालतं. महसूल खात्याच्या नाडकचेरीतनं मिळतो तो वारसाचा दाखला वेगळा, दोन्हीत गल्लत करू नका. रक्कम लहान असली तर बँका सर्टिफिकेटाशिवाय पण देतात, इंडेम्निटी बॉंड (उद्या दुसरा वारस निघाला तर भरपाई देऊ अशी लेखी हमी) वगैरे घेऊन, तुमच्या बँकेची मर्यादा किती ते लेखी विचारा, तोंडी नको.

चंदगडी_पुण्यात
मी शेअर रजिस्ट्रारच्या ऑफिसात काम करतो त्यामुळं हे बेवारस पैशाचं रोजच बघतो. तुमचा जो प्रश्न आहे ना, कुठलं राज्य, तो आपल्याकडं बँकेच्या बाबतीत उठत नाही पण अमेरिकेत त्यावर खरोखर राज्यंच्या राज्यं कोर्टात गेलीत. तिथं असले पैसे राज्य सरकारकडं जातात. सन ऑइल नावाच्या कंपनीकडं लोकांचे न नेलेले चेक वगैरे मिळून साधारण साडेसव्वीस हजार डॉलर पडून होते, टेक्सास म्हणालं आमचे, न्यू जर्सी म्हणालं कंपनी आमच्याकडं नोंदवलेली, पेनसिल्व्हेनिया म्हणालं तिचं मुख्य ऑफिस आमच्याकडं, मधेच फ्लोरिडा पण घुसलं. १९६५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कंपनीच्या वहीत त्या माणसाचा शेवटचा पत्ता ज्या राज्यातला त्या राज्याचे पैसे, पत्ताच नसेल तर कंपनी जिथं नोंदवलेली त्या राज्याचे. न्याय कुठं जास्त आहे यापेक्षा हिशेब कुठं सोपा पडेल ते बघून नियम केला, आणि मला तरी तेच शहाणपणाचं वाटतं, साडेसव्वीस हजारासाठी चार राज्यांचे वकील किती खाणार.

पण यात डेलावेअरचं फावलं कारण निम्म्या मोठ्या कंपन्या तिथंच नोंदवलेल्या. मनीऑर्डरवाल्या कंपन्या गिऱ्हाइकाचा पत्ता ठेवतच नाहीत, मग सगळं नोंदणीच्या राज्याला. म्हणून १९७४ ला तिथल्या संसदेनं कायदा केला की मनीऑर्डर जिथं विकत घेतली त्या राज्याला पैसे. तरी मनीग्रॅम या पैसे पाठवणाऱ्या कंपनीच्या काही कागदांवरनं वाद झालाच, ते मनीऑर्डरसारखेच आहेत का नाहीत यावर, आणि २०२३ ला डेलावेअर हरलं, न्यायाधीशांचं एकमत.

आता गंमत बघा, आपल्याकडं हा पत्त्याचा नियम असता आणि कुणी १९५५ ला खातं काढताना 'बेळगाव, मुंबई राज्य' लिहिलं असतं तर? १९५६ च्या नोव्हेंबरात पत्ता तोच राहिला आणि राज्य बदललं. तो खटला पण सीमाप्रश्नाच्या २००४ च्या दाव्याशेजारी सुप्रीम कोर्टात पडून राहिला असता 😀

कोर्टगल्ली
वर सगळं बरोबर आहे, पण सरकारं बाजूला ठेवा आणि एक सांगा, काकांना बहीण आहे का? म्हणजे तुमची आत्या.

खानापूरचा_पोरगा
आत्या आहे की, गडहिंग्लजला दिलीय. पण तिचं लग्न होऊन पन्नास वर्षं होत आली आणि पैसे काकांनी स्वतः कमावलेले, तिचा काय संबंध?

कोर्टगल्ली
स्वतः कमावलेले आहेत म्हणूनच संबंध. बिनलग्नाचा हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, आई नाही, वडील नाहीत, तर भाऊ आणि बहीण एकाच पायरीवर येतात, बरोबरीनं. लग्न झालं काय न झालं काय. पुतणे त्याच्या खाली. काका २००९ ला गेले तेव्हा तुमचे वडील हयात होते म्हणून अर्धा वाटा त्यांना मिळाला आणि त्यांच्यामागं तो तुमच्याकडं आला, तुमची आई असेल तर तिचा पण त्यात हिस्सा. वडील जर काकांच्या आधी गेले असते तर सगळं आत्याचं, तुम्हा दोघा भावांना शून्य. तेव्हा अर्जात 'आम्ही दोघंच वारस' असं लिहून सही करू नका, उद्या तिच्या पोरांनी हरकत घेतली की पैसे तिथंच अडकतील आणि खोटं प्रतिज्ञापत्र केलं ते वेगळंच.

राज्याचं नाव येतं ते अगदी कुणीच वारस नसला तर. घटनेचं कलम २९६, मालमत्ता ज्या राज्यात आहे त्या राज्याची, नाहीतर केंद्राची. म्हणजे खानापुरातलं घर बेवारस निघालं तर कर्नाटक, चंदगडातलं शेत असलं तर महाराष्ट्र, मालक कुठं मेला त्याला महत्त्व नाही. आणि तेही सरकारनं म्हटलं म्हणून होत नाही, वारस नाही हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर आहे. २०१७ ला हरिद्वारच्या एका आश्रमाच्या केसमधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कलेक्टरनं आपणच ठरवून मालमत्ता घ्यायची नाही.

गिरणीचा पगार-बोनस काही राहिला असेल तर ते खातं तिसरंच. तीन वर्षं न नेलेली मजुरी कामगार कल्याण मंडळाकडं जाते, गिरणी मुंबईत म्हणजे महाराष्ट्राच्या मंडळाकडं. एवढ्या वर्षांनी त्यातनं काय हाताला लागेल अशी आशा मी तरी धरणार नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

खानापूरचा_पोरगा
आत्याला फोन केला. आधी जरा तोंड वाकडं केलं, इतके दिवस आठवण झाली नाही काय म्हणाली, बरोबरच आहे तिचं. सही द्यायला तयार आहे. वर सांगितलं की काकांनी तिच्याकडं एक पाकीट ठेवायला दिलं होतं त्यात कुठल्या कंपनीचे शेअरचे कागद आहेत, ती समजत होती ते रद्दी झाले.

चंदगडी_पुण्यात
रद्दी नसतात ते. सात वर्षं लागोपाठ डिव्हिडंड उचलला नाही की डिव्हिडंड आणि शेअर दोन्ही केंद्राच्या गुंतवणूकदार निधीत जातात, आणि तिथनं परत मागता येतात, आयईपीएफ-५ नावाचा ऑनलाइन फॉर्म आहे, आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडनं पात्रतेचं पत्र घ्यायचं. कंपनीचं नाव बदललेलं किंवा दुसरीत विलीन झालेलं असू शकतं ते आधी शोधा. सक्सेशन सर्टिफिकेट काढतच असाल तर हे शेअर पण त्याच अर्जात घाला, नंतर वाढवून घ्यायचा ताप नको. आणि फोलिओ नंबर (कंपनीच्या वहीतला शेअरधारकाचा खाते नंबर) दिसेल असा फोटो इथं टाकू नका, असल्या धाग्यांवर एजंट टपलेलेच असतात, निम्मे द्या म्हणून मागं लागतील.