घोडी व्हाळाला अडते, माझं ऐकतच नाही, काय करू?

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी, गोव्यात साखळी गावाजवळ आमची बागायत आहे, तिथे मारवाडी घोडी ठेवलीय, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. मोतद्दाराने (तिची देखभाल करणाऱ्या माणसाने) धरली की एकदम गरीब, मी दोर हातात घेतला की मलाच ओढत नेते, खिशात तोंड घालते आणि वाटेत व्हाळ, म्हणजे ओढा, लागला की चारी पाय रोवून उभी. मी ओढतो, ती मागे सरकते, शेवटी कंटाळून परत फिरतो. व्हिडिओ ढीगभर बघितले पण ते सगळे वाळूच्या रिंगणातले, आमच्याकडे पावसात नुसता चिखल. तिला शिकवायचं कसं, तिचं म्हणणं ओळखायचं कसं? मारायचं नाहीये.

मांद्रेवालो:
लाड जास्त झालेत. दोन दिवस चाबूक दाखवा, सरळ होते की नाही बघा.

खरारा_फोंडा:
मांद्रेवाले, चाबकाने एकदा पार होईल हो, पण पुढच्या खेपेला पाण्याला बुजेल आणि माणसालाही. डिचोलीकरदादा, ती मागे सरकली की तुम्ही परत फिरता, म्हणजे तिच्या हिशोबात मागे सरकलं की सुटका! घोडं शिकतं ते दाब सुटतो त्या क्षणाला. दोर हलका ताणून धरा, झटके नकोत, तिने नुसता एक खूर पुढे टाकला तरी लगेच ढिला सोडा, मागे गेली तर तेवढाच ताण ठेवून तिच्याबरोबर चालत जा पण सोडू नका. हे आधी तबेल्यासमोर कोरड्या जागी, मग ओल्या गोणपाटावर, मग पाणी ओतून केलेल्या डबक्यात, व्हाळ सगळ्यात शेवटी. फुगलेल्या व्हाळाला तर नेऊच नका, तिथे अडते ते शहाणपणच आहे.
आणि पाण्यापाशी तिला मान खाली घालू द्या. घोड्याचे डोळे बाजूला, त्यामुळे जवळपास चौफेर दिसतं, पण खोलीचा नीट अंदाज येतो तो दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या समोरच्या पट्ट्यातच, त्यात कपाळाच्या अगदी पुढचं काही दिसत नाही. दोर आखडून तोंड वर धरलं तर बिचारी पाय टाकणार कुठे?
गूळ खिशात ठेवता ना? बंद करा, टोपल्यात द्या.

डिचोलीकर:
गूळ बरोबर ओळखलात 😀 पण कानांचं काय? मारवाडीचे कान आत वळलेले, टोकाला टोक लागतं, व्हिडिओत सांगतात तसं काही कळत नाही.

तबेला_सातारा:
टोक सोडा, कानाच्या बुडाकडे बघा. बूड मागे चिकटलं, नाकपुड्या आवळल्या, शेपूट फटकारली तर चिडलीय, लांब व्हा. एक कान तुमच्याकडे वळला तर तुमच्याकडे लक्ष आहे. मान खाली, खालचा ओठ सैल म्हणजे निवांत.
ती मात्र तुम्हाला याहून बारीक वाचते. जर्मनीत हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा, लोक थक्क. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्टने दाखवलं की तो विचारणाऱ्याच्या डोक्याची जराशी हालचाल बघून आपटायचा थांबत होता, ज्याला स्वतःला उत्तर माहीत नाही असा माणूस समोर आला की हान्स चुकायचा. तुम्ही व्हाळ दिसायच्या आधीच श्वास धरत असाल, दोर आखूड करत असाल, तिला तेवढं पुरतं. मोतद्दार तिथे काय करतो ते एकदा लांबून बघा.

खरारा_फोंडा:
आणि बिरबलाचं कोडं आठवा, घोडा का अडला, भाकरी का करपली? रोज फिरवा, पण उन्हं चढायच्या आत, आपल्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि घोडं तापतं. खूर रोज उचलून बघा, तळव्याचा मधला त्रिकोणी मऊ भाग ओलाव्याने कुजतो, काळा, वास मारणारा पू दिसला तर डॉक्टर बोलवा, पाय दुखत असेल तर शिकवणी कसली.

मांद्रेवालो:
बरं बाबा, चाबूक मागे घेतला. पण नालबंद कुठून आणता तुम्ही लोक? आमच्या पेडण्यात शोधून दमलो.

डिचोलीकर:
बेळगावहून येतो एकजण, व्यक्तिगत निरोप करतो.