एका 'अ'ने द्वैत उभं राहिलं का?

नौपाडेकर:
काल तलावपाळीवर मित्राशी वाद झाला, तो डोक्यातून जात नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, नऊ वेळा सांगतो, 'स आत्मा तत्त्वमसि'. शंकराचार्यांचा अर्थ: ते (ब्रह्म) तू आहेस, दोन्ही एकच, म्हणजे अद्वैत. मध्वाचार्य तीच अक्षरं 'आत्मा अतत् त्वम् असि' अशी फोडतात: ते तू नाहीस, दोन्ही वेगळे, म्हणजे द्वैत! 'आत्मा'तला आ पुढच्या अ-ला गिळतो, कानाला फरक नाही. शाळेत बाई सवर्णदीर्घ घोकून घ्यायच्या तेव्हा इतकं काही पणाला लागलंय असं वाटलं नव्हतं. माझं मत: व्याकरण आधी, दर्शन मागून.

घोडबंदरवाला:
उलटी गंगा. संधीने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या, निवड आचार्यांनी केली. उद्दालकाचे दाखले बघा ना. दोऱ्याला बांधलेला पक्षी, त्यावर द्वैती म्हणणार, दोरा आणि पक्षी वेगळेच. पाण्यातलं मीठ, त्यावर अद्वैती म्हणणार, काढून दाखव वेगळं. व्याकरण म्हणजे वकील, अशिलाची बाजू मांडतो.

नौपाडेकर:
वकील म्हणा, पण कायद्याबाहेर जाता येत नाही. 'तत्' आणि 'त्वम्' दोन्ही प्रथमेत, म्हणजे सामानाधिकरण्य, दोन शब्द एकाच वस्तूविषयी. विशिष्टाद्वैतवाले रामानुजाचार्य 'नीलोत्पल' (निळं कमळ) घेतात: निळेपण वेगळं, कमळपण वेगळं, फूल एकच. अद्वैती 'तोच हा देवदत्त' घेतात: तेव्हाचा-आताचा सोडा, माणूस उरतो.

घोडबंदरवाला:
विभक्ती एक, मतं दोन. माझीच बाजू मांडलीत, आभारी आहे 😄

नेरूळची वहिनी:
मराठीत बघा. आमच्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी 'आपण गच्ची दुरुस्त करतोय' म्हणाले तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या वाक्यात 'आम्ही ठरवलंय' आलं आणि दीड तास भांडण. ऐकणाऱ्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, हे आपल्या सर्वनामातच आहे. संस्कृतात दोन्हींना 'वयम्'. व्याकरण आधी असतं, तर ज्ञानेश्वरांना मराठीत अद्वैत सांगताना अडायला हवं होतं. त्यांच्या 'अमृतानुभव' ग्रंथाची सुरुवात तर देव-देवीच्या जोडीनेच केलीय, कुठे अडलं?

नौपाडेकर:
वहिनी, हे मात्र लागलं. तरी 'अद्वैत' हा शब्दच घ्या. 'एकत्व' म्हणायची सोय असताना परंपरेने 'दोन नाही' असा नकार धरला. हे व्याकरणाचंच वळण नाही का?

घोडबंदरवाला:
'अतत्'मधला अ नकाराचा, 'अद्वैत'मधलाही नकाराचाच. एक तोडतो, एक जोडतो. आता सांगा, काम 'अ' करतोय की वापरणारा?