मावशींना काम सांगायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं?

नवी_सिस्टर:
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून आठ महिने झाले. खासगी हॉस्पिटल, मेडिसिन वॉर्ड. रात्री २८ पेशंटना आम्ही दोघी सिस्टर आणि एक मावशी. परवा सात नंबरच्या आजोबांना हार्ट फेल्युअरसाठी लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, चालू होतं. मी मावशींना म्हटलं, "युरोबॅगकडे लक्ष ठेवा हं." म्हणजे लघवीच्या पिशवीकडे. त्यांनी ठेवलं. पहाटे पाचला बॅग भरलेली दिसली, तशी बिचाऱ्यांनी ओतून टाकली. मोजली नाही. राउंडला डॉक्टरांनी आउटपुट, म्हणजे लघवी किती झाली ते, विचारलं, तर माझा चार्ट रात्री दहानंतर कोरा. बोलणी मी खाल्ली. पण मावशींचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. त्या २६ वर्षं इथे आहेत, माझं वय २३. "मोजून सांगा" म्हणायला जीभच रेटत नाही. तुम्ही काय सोपवता, काय नाही?

निवृत्त_इन्चार्ज:
अगं, "लक्ष ठेवा" हे काम नव्हे. असं सांग: "मावशी, सहाला बॅग मापाच्या जगमध्ये काढा, मला आकडा सांगा, मगच ओता. त्याआधी भरली किंवा अजिबात भरत नाहीये असं वाटलं तर हाक मारा." बॅगेवरच्या रेघांवर विसंबू नकोस. आणि चार्टवर लिहायचं तू. मधे एकदा स्वतः जाऊन बघायचं, तेही तूच.

स्पंजिंग, बेडपॅन, चादर, एक्स-रेला नेणं हे बिनधास्त सांग. तरी पेशंट बघून हं. काल हिप बदललेल्या आजींना कुशीवर वळवायचं असेल तर मी स्वतः उभी राहायचे. ऑक्सिजनवरच्या पेशंटबरोबर सिस्टर गेलीच पाहिजे. राइल्स ट्यूबचं (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचं) फीड, सक्शन (मशीनने कफ ओढणं), इंजेक्शन, सलाइनचा थेंब कमीजास्त करणं, यातलं काही नाही. मावशींना येत असलं तरी नाही. वीस वर्षं बघून हात बसतो, पण फीड छातीत गेलं तर उत्तर तुला द्यायचंय.

आणखी एक. आमच्या एका मावशींना आकडे वाचता येत नव्हते, लाजेने कधी बोलल्या नाहीत. मग जगवर दर शंभरला नेलपॉलिशची रेघ मारली. किती रेघा भरल्या ते बोटांवर दाखवायच्या.

लीड्सची_पाहुणी:
इथे इंग्लंडमध्ये हेल्थकेअर असिस्टंट बीपी, ताप, शुगर घेतात. आकडा त्यांनी आणायचा, अर्थ मी लावायचा. एनएमसीच्या (इथल्या नर्सिंग कौन्सिलच्या) आचारसंहितेतला ११ वा मुद्दाच आहे: ज्याला जे जमतं तेच सोपवा, देखरेख ठेवा, नीट झालंय याची खात्री करा. पण त्यांना ट्रेनिंग देऊन तपासलेलं असतं. तुमच्या मावशींना बहुधा पहिल्या दिवशी फक्त झाडू कुठे आहे ते दाखवलं असेल. तेव्हा इथली यादी जशीच्या तशी उचलू नका.

मावशीचा_मुलगा:
माझी आई वॉर्डात मावशी होती. तिला एका सिस्टरने कारण सांगितलं होतं: लघवी कमी झाली की या पेशंटच्या छातीत पाणी साठतं. त्यानंतर ती जेवताना आम्हालासुद्धा कोणाचं किती झालं ते सांगायची.

नवी_सिस्टर:
काल धीर करून विचारलं. आकडे येतात, चष्मा नाही. हरवतो म्हणून घरी ठेवतात. आजपासून आणणार आहेत. वर मलाच म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही फार हळू बोलता, निम्मं ऐकूच येत नाही."